वजाबाकी चुकते कोठे?
पाठ लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरची शाळा

पुढील तीन वजाबाक्या पाहा. चौथीतल्या एका मुलीने त्या सोडवल्या आहेत, असे समजू.

५२ − २७ = ३५
८१ − ४६ = ४५
७६ − ३४ = ४२

पहिली दोन उत्तरे चुकली आहेत आणि तिसरे बरोबर आहे. वहीवर दोन फुल्या आणि एक बरोबरची खूण पडेल. पण त्यातून त्या मुलीला काय कळेल? एवढेच, की आपल्याला वजाबाकी येत नाही.

आता उत्तरांकडे पुन्हा पाहा. ५२ मधून २७ वजा करताना एककाच्या घरात वर २ आणि खाली ७ आहेत. तिने ७ मधून २ वजा केले. दशकाच्या घरात ५ मधून २ गेले, ३ उरले. उत्तर ३५. दुसऱ्या उदाहरणातही तिने तेच केले. म्हणजे तिचा एक नियम आहे : 'प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा कर.' तिसऱ्या उदाहरणात उसने घेण्याचा प्रसंगच नव्हता, म्हणून तिचा नियम तेथे बरोबर ठरला. ही मुलगी निष्काळजी नाही. उलट, ती एका चुकीच्या नियमाने अगदी काटेकोर वागते आहे!

सन १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी अशाच चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. मुलांच्या पुष्कळशा चुका आंधळ्या नसतात, नियमबद्ध असतात, असे त्यांनी दाखवले. या चुकांना त्यांनी 'बग' म्हटले. बग म्हणजे किडा. संगणकाच्या प्रोग्रॅममधील दोषालाही हाच शब्द आहे. त्यांनी 'बगी' नावाचा एक खेळही रचला. त्यात संगणक चुका करणाऱ्या मुलाचे सोंग घेई आणि शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांनी त्याचा नियम शोधून काढायचा!

त्या काळी असा खेळ खेळायला मोठा संगणक जवळ असावा लागे. आज तसे नाही. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत सन १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. सन १९९३ मध्ये सर्नने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. त्यामुळे एकाने लिहिलेले पान दुसऱ्याला खेड्यातल्या मोबाइलवरही उघडता येते. म्हणूनच शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयाचे पदव्युत्तर विद्यार्थी वेब-प्रोग्रॅमिंग शिकतात. मुंबईला पवईच्या आय.आय.टी.त सन २०१० मध्ये या विषयातील पीएच.डी.चा अभ्यासक्रम सुरू झाला.

पण प्रोग्रॅम लिहायला प्रोग्रॅमर आहेतच की! मग अध्यापनाचा अभ्यास करणाऱ्याने तो खटाटोप का करावा? याचे उत्तर मिळवण्यासाठी आपणच वजाबाकीचे एक पान तयार करून पाहू.

वेबच्या पानाला तीन थर असतात. पहिला एचटीएमएलचा. हा पानाचा सांगाडा होय : येथे मथळा, येथे उदाहरण, येथे उत्तराची चौकट. दुसरा सीएसएसचा, रंग, अक्षरांचा आकार आणि मांडणी तो ठरवतो. तिसरा थर जावास्क्रिप्टचा. ही भाषा सन १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी तयार केली. 'बटण दाबले तर काय करायचे?' हे ती सांगते. पहिले दोन थर नवशिक्यालाही लवकर जमू लागतात. खरी परीक्षा तिसऱ्या थरात असते.

समजा, आपण उदाहरण दिले : ५२ − २७. प्रोग्रॅम असा : 'जर उत्तर २५ असेल तर "शाबास" म्हण, नाहीतर "चूक" म्हण.' प्रोग्रॅम निर्दोष चालेल. पण आपल्या त्या मुलीला तो दहा वेळा 'चूक' म्हणेल आणि ती दहाही वेळा आपल्याच नियमाने पुढे जाईल. लाल फुली मारण्याचे काम आता फक्त यंत्राने होईल, इतकेच.

मग सुधारणा करू : 'जर उत्तर ३५ असेल, तर मोठ्यातून लहान वजा करणारा बग आहे.' जमले का? नाही! दुसरा एक मुलगा एककासाठी दशकाकडून एक दशक उसना घेतो, पण दशकातून तो कमी करायला विसरतो. त्याचे १२ − ७ = ५ आणि ५ − २ = ३. उत्तर पुन्हा ३५! दोन मुलांची अडचण निराळी, उत्तर मात्र एकच. ८१ − ४६ घेतले तरी दोघांचेही उत्तर ४५ च येते. याचे कारण शोधा बरे! एककातील दोन अंकांत ५ चा फरक असला की दोन्ही बगांची उत्तरे सारखी येतात. म्हणजे दोष आपल्या उदाहरणाच्या निवडीत होता.

आता ७१ − २५ घेऊ. पहिली मुलगी ५४ लिहील, दुसरा मुलगा ५६ लिहील. खरे उत्तर ४६. आता प्रोग्रॅम असा लिहिता येईल :

जर ४६, तर पुढील उदाहरण दे.
जर ५४, तर विचार : '१ चिंचोक्यातून ५ चिंचोके काढता येतील का?'
जर ५६, तर विचार : 'एक दशक उसना दिल्यावर दशकाच्या घरात किती उरले?'
जर दुसरे काही, तर उत्तर टिपून ठेव आणि शिक्षकांना दाखव.

पाहिलेत ना? या चार ओळी लिहिण्यासाठी जावास्क्रिप्ट थोडेच लागले. मुले कशी चुकतात याचे ज्ञान मात्र पुष्कळ लागले. संगणकाला आपण जे सांगू तेवढेच कळते. म्हणून 'मुलांना समजेल असे शिकवू' हे मोघम वाक्य त्याच्यापुढे चालत नाही. काय समजले नाही आणि ते कशावरून ओळखायचे, हे नेमके सांगावे लागते.

आणखी एक गंमत पाहा. मराठी शाळेतील मुलाने चौकटीत देवनागरी अंकांत ४६ लिहिले तर? जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानतच नाही! संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. इंग्रजी लिपीतील एकचा क्रमांक ४९, तर देवनागरी एकचा २४०७. प्रोग्रॅमरने याचा विचार केला नसेल, तर उत्तर बरोबर असूनही मुलाला 'चूक' असे ऐकावे लागेल. उपाय सोपा आहे. देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की तो अंक संख्या म्हणून मिळतो. पण हा उपाय करायचे सुचण्यासाठी तो मुलगा डोळ्यांपुढे असावा लागतो.

चौथ्या ओळीतील 'टिपून ठेव' यासाठी आणखी शिकावे लागते. उत्तरे दूरच्या एका संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, डेटाबेसमध्ये साठवतात. तेथे जबाबदारी येते. मुलाच्या चुका ही त्याची खाजगी बाब आहे. त्या शिक्षकांखेरीज कोणाला दिसता कामा नयेत. तसेच, पानाबरोबर ब्राउझरमध्ये आलेला प्रोग्रॅम कोणालाही वाचता येतो. तेव्हा परीक्षेची उत्तरे पानात न ठेवता सर्व्हरवरच तपासावी लागतात.

पान तयार झाले तरी काम संपत नाही. नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वीमन यांनी सन २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. विज्ञानातील घटना पडद्यावर हाताळून पाहता येतील अशी पाने तेथे तयार होतात. ही मंडळी विद्यार्थ्यांना शेजारी बसवून, ते काय करतात व काय बोलतात हे पाहतात आणि त्यावरून पानात बदल करतात. आपल्यालाही तेच करावे लागेल. न जाणो, आपल्या यादीत नसलेला बग एखादी मुलगी आपल्याला दाखवून देईल!

आता तुमच्यासाठी एक काम. एका मुलाने अशी उत्तरे लिहिली आहेत :

७० − २८ = ५०
९० − ३४ = ६०
६३ − २७ = ३६

त्याचा नियम कोणता? तो ओळखा. मग फक्त त्याच्याच बगाला पकडेल असे चौथे उदाहरण तयार करा. आणि त्याला 'चूक' न म्हणता कोणता प्रश्न विचाराल, तेही एका ओळीत लिहा. कागद व पेन्सिल पुरे. संगणक नंतर मिळाला तरी चालेल.