टाकीतलं पाणी रोज काढायचं : घरच्या कॉम्प्रेसरची निगा

आज आपण कॉम्प्रेसरबद्दल बोलणार आहोत. पेण तालुक्यात हमरापूर, जोहे अशा गावांत घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत आणि रंगकामाला बायकांचे हात मोठ्या संख्येनं लागलेले असतात. डोळ्यांची आखणी अजून ब्रशनंच होते, पण अंगाचा रंग आता स्प्रे गननं मारतात. त्या गनला हवा पुरवतो तो कॉम्प्रेसर. कुणाच्या घरी पंक्चरचं दुकान असेल, कुणी लाकडी खेळणी रंगवत असेल. काम वेगळं असलं तरी मशीन तेच आणि त्याची निगाही तीच.

आम्हीही रंगकाम करणाऱ्याच बाया आहोत. गटाच्या कर्जातून घेतलेलं मशीन आषाढ-श्रावणात बंद पडलं, तर हप्ता थांबत नाही आणि गिऱ्हाईकही थांबत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे मशीन घराच्या पडवीत असतं आणि आजूबाजूला पोरं खेळत असतात. म्हणून ते नीट ओळखून घेऊ या.

मोटर फिरली की पट्ट्यानं वरचं हेड चालतं. हेडमधला पिस्टन बाहेरची हवा ओढतो आणि दाबून टाकीत भरतो. हवा किती भरली ते काटा दाखवतो. मोटरसायकलच्या चाकात साधारण दोन किलो हवा असते. आपल्या टाकीत ती सात-आठ किलोपर्यंत जाते. आठ किलो म्हणजे टाकीच्या पत्र्यावर एका चौरस सेंटिमीटरला आठ किलोचा जोर. तळहाताएवढी, म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटर जागा धरली, तर तेवढ्याच जागेवर आठशे किलो! मोठ्या म्हशीपेक्षाही जास्त वजन. पत्रा जाड आहे तोवर तो हे सोसतो. म्हणून पत्रा पातळ होऊ न देणं, हीच खरी निगा.

पत्रा पातळ कशानं होतो? पाण्यानं. आता टाकीत पाणी कुठून आलं, असं तुम्ही विचाराल. आपण तर हवाच भरतो! पण गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तो आठवा. ते पाणी हवेतलंच असतं. पावसाळ्यात आपल्या कोकणात हजार लिटर हवेत साधारण 25 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. मिनिटाला शंभर लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर तासाभरात 150 ग्रॅम पाणी आत घेतो, म्हणजे चहाचा कपभर. हवा दाबली आणि गार झाली की यातलं बरंचसं पाणी टाकीच्या तळाशी साचतं. चार तास काम केलं, तर अर्धा लिटरच्या आसपास. हेच पाणी गनमधून आलं की मूर्तीच्या अंगावर डाग पडतात, रंग फाटतो. आणि तळाशी राहिलं की आतून गंज धरतो. बाहेरून टाकी नवी कोरी दिसते, आत पत्रा खात चाललेला असतो.

म्हणून रोज संध्याकाळी काम संपलं की एवढं करायचं. मशीन बंद करून पिन काढायची. गन चालवून हवा एक किलोच्या आसपास उतरू द्यायची. टाकीच्या तळाला छोटा कॉक असतो, त्याखाली टोपलं ठेवायचं. तोंड बाजूला करून कॉक हळूहळू उघडायचा. भरलेल्या टाकीचा कॉक एकदम उघडला, तर पाणी आणि गंज डोळ्यांत उडतात. पाणी संपून नुसती हवा येऊ लागली की झालं. कॉक रात्रभर उघडाच ठेवायचा, म्हणजे आत हवा लागते. सकाळी आठवणीनं बंद करायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

पाण्याचा रंगही बघत जा. थोडं पिवळसर असेल तर चालतं. विटकरी, गंजाचे कण असलेलं येऊ लागलं, तर आत गंज वाढलाय असं समजा आणि जाणकार मेकॅनिकला टाकी दाखवा. दुधासारखं, तेलकट येत असेल, तर हेडमधलं तेल हवेबरोबर टाकीत जातंय. तसलं पाणी परसात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

टाकीला बारीकसं जरी भोक पडलं, तरी ती टाकी बाद. वेल्डिंग करून देतो म्हणणारा भेटेल, त्याचं ऐकू नका. एका ठिकाणी भोक पडलं म्हणजे आजूबाजूचा पत्राही कागदासारखा झालेला असतो. अशी टाकी गळत नाही, फुटते. जुनं मशीन विकत घेतानाही आधी तळाचा कॉक उघडून बघा. टाकीवरची पट्टी वाचा. तिच्यावर किती दाब चालेल ते लिहिलेलं असतं. पट्टीच नसलेली किंवा गॅस सिलिंडरपासून बनवलेली टाकी स्वस्तात मिळाली तरी घरात आणू नका.

दुसरा राखणदार म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. टाकीवर कडी असलेला पितळी तुकडा असतो, तोच. मोटर बंद करणारा स्विच बिघडला आणि दाब वाढतच गेला, तर हा उघडतो आणि हवा सोडतो. आठवड्यातून एकदा टाकीत चार-पाच किलो हवा असताना, चष्मा लावून, बाजूला उभं राहून कडी ओढा. फस्सकन हवा सुटली आणि कडी सोडल्यावर थांबली, तर तो ठीक आहे. अडकला असेल तर नवा बसवल्याशिवाय मशीन चालवू नका. गळतोय म्हणून व्हॉल्व्ह काढून तिथे बोल्ट ठोकला, तर घरात बॉम्ब ठेवल्यासारखंच आहे.

आता तेल. हेडच्या बाजूला छोटी गोल काच असते. मशीन सपाट जागी, बंद असताना तेल काचेच्या मध्यापर्यंत दिसलं पाहिजे. कॉम्प्रेसरचंच तेल घाला, गाडीचं उरलेलं नको. तेल काळं पडलं किंवा दुधट झालं की बदला. फिल्टर दर आठवड्याला काढून झटका. शाडू आणि पॉलिशची धूळ त्यात बसते आणि मशीनला दम लागतो. स्पंजचा फिल्टर असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून बसवा.

पट्ट्यावरची जाळी कधीही काढून ठेवू नका. पदर, ओढणी, वेणी ओढायला पट्ट्याला क्षणही लागत नाही. पदर कमरेला खोचा, केस बांधा. हेड तापलेलं असतं, त्याला हात लावू नका. मशीन भिंतीपासून हातभर लांब आणि रंग मारण्याच्या खोलीबाहेर ठेवा. थिनरची वाफ आणि स्विचची ठिणगी एकत्र यायला नको. अर्थिंग तपासून घ्या. व्होल्टेज कमी असताना मोटर नुसती घुरघुरली आणि फिरली नाही, तर लगेच बंद करा, नाहीतर जळेल.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ही हवा अंगावर मारायची नाही. कपड्यांवरची धूळ झटकायला नाही, पोरांना गंमत म्हणून तर मुळीच नाही. डोळा जाऊ शकतो, कानाचा पडदा फाटू शकतो. मस्करीत शरीरात हवा सोडल्यानं आतडी फाटून जीव गेल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत.

गटाचं मशीन असलं की एक अडचण नेहमी येते. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. त्यावर आम्ही बचतीच्या वहीसारखीच एक वही मशीनजवळ टांगली आहे. संध्याकाळी ज्या ताईची पाळी, तिनं पाणी काढून सही करायची. पाण्याचा रंग, तेल, कडी ओढल्याची तारीख, सगळं त्यात. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची, कॉक उघडा ठेवायचा आणि सुती कापडानं झाकायचं. प्लास्टिकनं झाकलं तर ओल आतच कोंडते.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत पाळ्या ठरवून टाका.