उतरायचं कुठं? घरात! पण हिशेब आधी

सुट्टी जवळ आली की घरोघरी पहिला प्रश्न, जायचं कुठं? आणि लगोलग दुसरा, उतरायचं कुठं? हॉटेल म्हटलं की खोल्यांचं भाडं, तिन्ही वेळचं बाहेरचं खाणं आणि मुलांचं पोट बिघडण्याची धास्ती. म्हणून हल्ली बऱ्याच कुटुंबांना कुणाच्या घरी पैसे देऊन राहणं बरं वाटतं.

ही काही आजची टूम नव्हे. पंढरपूर-त्र्यंबकेश्वरला आपल्या आज्या-पणज्या क्षेत्रोपाध्यायांच्या घरीच उतरत. कोकणात 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' ही पाटी ओळखीची आहे. राज्याच्या पर्यटन खात्याचीही 'निवास व न्याहारी' योजना आहे. २००८ साली अमेरिकेत एअरबीएनबी निघाली आणि परक्यांची घरं फोनवर ठरवता येऊ लागली, एवढंच.

आता मुरबाड तालुक्यातला सिद्धगड घ्या. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना इथंच वीरमरण आलं. कल्याण, मुरबाड, म्हसा, नारिवली अशी वाट. गडावर जाणारी मंडळी वाडीतल्याच एखाद्या घरी भाकरी सांगतात, ओसरीवर पथारी टाकतात. मुलांना असा मुक्काम जन्मभर आठवेल.

पण मैत्रिणींनो, ती भाकरी करतं कोण? पाच-सहा पाहुणे म्हणजे घरच्या बाईनं पहाटे उठून पाणी भरायचं, चूल पेटवायची, ढीगभर भाकऱ्या थापायच्या, वर भांडी. आणि पैशाचं विचारलं तर ती म्हणणार, "काय द्यायचं ते द्या." ही भीड आहे, हे आपण बायकांनी तरी ओळखावं! घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंशी आपण दर ठरवतोच ना? मग इथं का नाही?

पाण्याचंही तसंच. भातसा, तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शेजारच्या शहापूर तालुक्यात, पण त्याच तालुक्यातले कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. चार जणांच्या आंघोळीचं पाणी कुणाच्या तरी डोक्यावरून आलेलं असू शकतं. तेव्हा उन्हाळ्यात जाणार असाल तर आधी विचारा, आणि एखाद्या दिवशी हातपाय धुण्यावर भागवा.

घर ठरवताना एवढं पाहा:

जेवण, चहा, न्याहारी आणि झोपण्याची जागा यांचे दर माणशी आधीच बोलून घ्या. किती माणसं, त्यांत मुलं किती, हे खरं सांगा.

संडास घरात की बाहेर, दाराला आतून कडी आहे का, हे निःसंकोच विचारा. मुली बरोबर असतील तर विचारायलाच हवं.

फोनवरून घर ठरवलं असेल तर बेत रद्द झाल्यास पैसे किती परत मिळतात ते वाचा. आधी राहून गेलेल्यांचे अभिप्रायही वाचा. "बाहेरच्या बाहेर पैसे पाठवा" असं कुणी म्हणालं, तर पाठवू नका.

बेत बदलला तर आदल्या दिवशीच कळवा. शिजवलेलं अन्न वाया गेलं, तर ते त्या घराचं नुकसान.

सिद्धगडाचं रान भीमाशंकर अभयारण्यातलं. प्लॅस्टिकचा कचरा पिशवीत भरून परत आणा.

आणि निघताना पैसे, जमेल तर, त्या बाईच्याच हातात द्या. घरकामाचं मोल होत नाही म्हणून आपण नेहमी कुरकुरतो. निदान दुसरीच्या घरी उतरल्यावर तरी ते आपल्या हातून व्हावं!