वायरीचा सांधा

वारणा खोऱ्यात विद्यार्थ्यांच्या घरी जाणे होते, तेव्हा एक दृश्य आम्हांस वारंवार दिसते. घरातील प्लगपासून गोठ्यातील कडबाकुट्टीपर्यंत तुकडे जोडून ओढलेली वायर आणि प्रत्येक सांध्यावर काळी चिकटपट्टी. इतिहासाच्या शिक्षकाने हा विषय घ्यावा, याचे कुणास नवल वाटेल. परंतु वसतिगृहातील मुले सुटीत याच गोठ्यांत वावरतात.

फ्यूज आहे, मग भय कसले, असे पालक म्हणतात. फ्यूज वाढलेला प्रवाह ओळखतो, सैल सांधा नव्हे. पीळ सैल झाला की तेथे रोध वाढतो. अर्धा ओहम रोध आणि 10 अँपिअर प्रवाह एवढ्यानेच त्या बोटभर जागेत 50 वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह मात्र वाढत नाही. म्हणून फ्यूज शाबूत राहतो आणि आवरण वितळते.

यास्तव पुरेशा जाडीची, एकसंध वायर घ्यावी. सांधा अटळच असेल, तर मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून, स्क्रूच्या कनेक्टरने, बंद डबीत करावा. भिंतीतील पाइपात कदापि नको. तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या तारेस थेट पिळू नये, ओलाव्यात तो जोड गंजतो. खर्च वाचावा म्हणून अर्थिंगची हिरवी वायर मध्येच सोडून दिलेलीही आम्ही पाहिली आहे. ओल्या जमिनीवर चार पायांनी उभ्या असलेल्या म्हशीला तर माणसास न जाणवणारा दाबही जाणवतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळती होताच पुरवठा तोडतो. मात्र सैल सांध्याची उष्णता त्यालाही कळत नाही. ते सांधे परवानाधारक वायरमनकडून पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावेत.