ट्रेडमिलवरचा आकडा आणि माहुलीची चढण

शहापूर-मुरबाडकडे जिम आल्या, तशा ट्रेडमिलबद्दलच्या दंतकथाही आल्या. त्यातली सर्वांत लाडकी म्हणजे पडद्यावरच्या कॅलरी. ‘आज भरपूर जाळल्या’ म्हणत मंडळी उतरतात ती थेट वडापावच्या गाडीपाशी. हिशेब करून बघा. सत्तर किलोचा माणूस सपाट पट्ट्यावर ताशी ५ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालला, तर साधारण १२० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ३५ तर ओटीवर नुसतं बसूनही झाल्याच असत्या. उरल्या ८५; त्या एक वडापाव सहज भरून काढतो. त्यात मशीनला तुमचं वजन सांगितलं नसेल, तर ते मनानेच एक वजन धरून चालतं.

दुसरी गंमत कठड्याची. पट्टा दहा टक्के चढावर ठेवून ताशी ४ किलोमीटरने तासभर चाललं, तर ४०० मीटर चढाई होते. पण कठड्याला लोंबकळलात की वजन हातांवर जातं आणि पायांचं काम हलकं होतं. पडदा मात्र पूर्ण चढाचेच आकडे दाखवत राहतो.

म्हणूनच ‘ट्रेडमिल जमली म्हणजे माहुली जमली’ हे खरं नाही. ८५८ मीटर उंचीच्या माहुली किल्ल्यावर चढताना दम कमी लागेल, एवढा फायदा नक्की. पण खरी परीक्षा उतरताना असते. प्रत्येक पायरीला मांडीचे स्नायू शरीर अडवून धरतात, आणि बहुतेक मशिनांना उतार नसतोच. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं!

घामाचं काय? घाम म्हणजे पाणी, चरबी नव्हे. मे महिन्यात शहापुरात पंख्याखाली बसूनही तो येतो.

‘शेतात राबणाऱ्याला कसला कार्डिओ?’ हे मात्र अर्धं खरं आहे. आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणाऱ्या बाईला मशीनची गरज नाही. तिला विश्रांती हवी. पण तिचा मुलगा आसनगावहून रोज लोकलने मुंबईला जातो आणि दिवसभर खुर्चीत बसतो. आईच्या कष्टाचा फायदा त्याच्या हृदयाला मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो मुरबाडच्या रस्त्यावर झपझप चालूनही होतो, पैसे न भरता. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की वेग बरोबर.

सगळ्यांत घातक समज: ‘दहा मिनिटं पळालो, म्हणजे हृदय ठणठणीत.’ डॉक्टरही ट्रेडमिलवरच तपासणी करतात. सिएटलच्या रॉबर्ट ब्रूस यांच्या पद्धतीत ती ताशी २.७ किलोमीटर आणि दहा टक्के चढावर सुरू होते आणि दर तीन मिनिटांनी वेग-चढ वाढतो. पण तिथे छातीला ईसीजीच्या तारा असतात, रक्तदाब मोजला जातो. जिममध्ये यातलं काही नसतं. मधुमेह, रक्तदाब किंवा छातीत भरून येण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टर, मग मशीन.

आणि पहिल्यांदा चढताना दोन्ही पाय कडेच्या स्थिर पट्ट्यांवर ठेवा, दोरीची क्लिप बनियनला अडकवा, मगच बटण दाबा. पाय घसरला तर ती दोरी ओढली जाऊन मशीन थांबतं. आपल्याकडे वीज जाते तेव्हा पट्टाही मध्येच थांबतो. कठडा अशा वेळी धरायचा.