‘दुसरे बीटल्स’ म्हणवून घेण्याची किंमत

नव्या बँडचे गाणे ऐकताना आधीच गाजलेल्या एखाद्या बँडची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ही आठवण ओळख करून देण्यापुरती न राहता मूल्यमापनाचा एकमेव निकष बनली, की त्या संगीतकारांच्या मनात कृतज्ञता आणि घुसमट एकाच वेळी नांदू लागतात. ‘बॅडफिंगर’ या ब्रिटिश रॉक बँडचा इतिहास या कोंडीचे बहुधा सर्वांत बोलके उदाहरण ठरावे.

वेल्समधील स्वान्सी शहरात पीट हॅम आणि त्यांचे सहकारी ‘द आयव्हीज’ या नावाने वाजवत असत. पुढे लिव्हरपूलचे टॉम इव्हान्स त्यांना येऊन मिळाले आणि १९६८ मध्ये बीटल्सच्या मालकीच्या ‘ॲपल’ या ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांना करारबद्ध केले. १९६९ मध्ये घेतलेले ‘बॅडफिंगर’ हे नवे नावदेखील बीटल्सच्याच एका गाण्याच्या कामचलाऊ शीर्षकावरून सुचलेले होते. पहिल्या यशाची कथा तर याहून सूचक आहे. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी २४ जुलै १९६९ रोजी ‘कम अँड गेट इट’ या स्वतःच्या गाण्याचा डेमो, म्हणजे नमुन्यादाखल केलेले प्राथमिक ध्वनिमुद्रण, सर्व वाद्ये स्वतःच वाजवून तासाभराच्या आत पूर्ण केला आणि तो या तरुणांच्या हाती देऊन गाणे हुबेहूब तसेच वाजवण्याची सूचना केली. गाणे ब्रिटनमध्ये चौथ्या आणि अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. मात्र ज्या गाण्याने जगाला बॅडफिंगरची ओळख झाली, ते शब्दांपासून वाद्यमेळापर्यंत मॅकार्टनी यांचेच होते. म्हणजेच साम्याचा आरोप समीक्षकांनी मागाहून केला असे नव्हे, तर साम्य त्या ध्वनिमुद्रिकेच्या घडणीतच होते.

त्यानंतर १९७० मध्ये बीटल्स विभक्त झाले आणि त्यांच्या संगीताला दुरावलेला श्रोतृवर्ग वारस शोधू लागला. त्याच वर्षीच्या ‘नो डाइस’ या अल्बमविषयी लिहिताना ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाच्या समीक्षकाने बीटल्सचे चौघे जणू या चौघांच्या रूपाने पुन्हा जन्मले आहेत, अशा आशयाची प्रशंसा केली. वरकरणी हा गौरव असला, तरी त्याच अल्बममधील ‘नो मॅटर व्हॉट’ हे गाणे सर्वस्वी हॅम यांनी रचले होते, आणि गिटारचा ठसठशीत आवाज व गोड चाल यांचा मेळ घालणाऱ्या ज्या शैलीला पुढे ‘पॉवर पॉप’ म्हटले गेले, तिचा ते एक आरंभबिंदू मानले जाते. मंचावर हा बँड ध्वनिमुद्रिकांपेक्षा कितीतरी आक्रमकपणे वाजवत असे. असे असूनही जो तो बीटल्सचेच नाव घेऊ लागल्यावर आरंभीच्या अभिमानाची जागा वैतागाने घ्यावी, यात कृतघ्नता नव्हती. आपले काम आपल्या नावावर जमा व्हावे, ही प्रत्येक कलावंताची रास्त अपेक्षा असते.

बीटल्सशी असलेले नाते तोडणे मात्र सोपे नव्हते, कारण ते खरोखरच जिव्हाळ्याचे होते. १ ऑगस्ट १९७१ रोजी पंडित रविशंकर यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये झालेल्या ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांनी आपले ‘हिअर कम्स द सन’ हे गाणे केवळ दोन गिटारींवर सादर केले, आणि दुसरी गिटार हॅम यांच्या हाती होती. ‘डे आफ्टर डे’ या हॅम यांच्या गाण्याची निर्मिती हॅरिसन यांनी केली, तसेच तारांवरून नळी सरकवत मींडेसारखा सलग स्वर काढणारी स्लाइड गिटारही त्यात दोघांनी मिळून वाजवली. प्रेमाने मिळालेली ही साथच तुलनेला नवा पुरावा पुरवत राहिली.

तुलनेची मर्यादा सर्वाधिक स्पष्ट होते ती ‘विदाउट यू’ या गाण्यात. हॅम यांचा अंतरा आणि इव्हान्स यांचे ध्रुपद हे दोन वेगवेगळ्या, अपुऱ्या राहिलेल्या गाण्यांचे भाग होते आणि ते एकत्र जोडून ‘नो डाइस’मधील हे गाणे तयार झाले. अमेरिकी गायक हॅरी निल्सन यांना ते प्रथम ऐकताना बीटल्सचेच वाटले होते. त्यांनी गायलेले हे गाणे १९७२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले, तर १९९४ मध्ये मराया कॅरी यांच्या आवाजात ते पुन्हा ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोहोचले. वाद्यमेळ बदलला, गळा बदलला, काळ बदलला, तरी गाणे टिकले. यावरून त्याचे बळ उसन्या ध्वनीत नसून रचनेत होते, हे सिद्ध होते.

हॅम यांनी एप्रिल १९७५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि इव्हान्स यांनी १९८३ मध्ये आपले जीवन संपवले. या शोकांतिकांचे खापर तुलनेवर फोडणे अन्यायाचे होईल, कारण त्यामागे व्यवस्थापनाने केलेली आर्थिक फसवणूक आणि मानधनावरून उद्भवलेले दीर्घ वाद होते. तथापि स्वतःच्या नावाची ओळख पक्की होण्याआधीच हे सारे घडले, ही हानी संगीताचीही आहे. साम्य ध्वनीचे असते, कर्तृत्व रचनेचे असते, आणि समीक्षेने या दोहोंची गल्लत करता कामा नये. बीटल्सची आठवण होत असेल तर ती खुशाल व्हावी. पण ‘विदाउट यू’ ऐकणाऱ्या प्रत्येकाने पीट हॅम आणि टॉम इव्हान्स ही दोन नावेही आवर्जून लक्षात ठेवावीत.