होटगी झाली!

मीटरगेजच्या काळातली गोष्ट. आमचे काका विजापूरला मुलगी पाहायला निघाले होते. होटगीच्या जंक्शनवरून एक फाटा वाडीकडे जातो, दुसरा विजापूर-गदगकडे. होटगीला उतरताच विजापूरची गाडी समोर उभी दिसली. “मिळाली!” म्हणत काका निश्चिंतपणे चहाकडे वळले. कप ओठाला लागतो न लागतो तोच गार्डाने हिरवी झेंडी दाखवली! तेव्हापासून हाताशी आलेले काम शेवटच्या क्षणी निसटले, की आमच्या घरात “होटगी झाली” असे म्हणतात.

अशीच एक होटगी २ ऑक्टोबर २०२३ रोजी साऱ्या जगाने पाहिली. चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धा चालू होत्या. शर्यत होती चाकांच्या स्केटिंगची, पुरुषांच्या ३००० मीटर रिलेची. या रिलेत हाती दांडकी नसते. दमलेला गडी पुढच्याला पाठीमागून जोराचा रेटा देतो आणि आपला वेग त्याच्या स्वाधीन करतो.

दक्षिण कोरियाचा जंग चिओल-वॉन आघाडीवर होता. रेषा अगदी जवळ आली आणि गड्याने ताठ होऊन दोन्ही हात आनंदाने उंचावले. इकडे तैवानच्या हुआंग यू-लिनने एक पाय ताणून पुढे टाकला! तैवान ४ मिनिटे ५.६९२ सेकंद, कोरिया ४ मिनिटे ५.७०२. अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागाचे!

कोरियात तरुणांना लष्करी नोकरी सक्तीची असते. आशियाई सुवर्णपदक मिळाले की तीतून सूट मिळते. जंगने आपली सूट तर घालवलीच, पण एका साथीदाराचीही घालवली. बिचाऱ्याने जाहीर क्षमा मागितली.

या गलबल्यात आपल्या मुलांचे कौतुक मात्र राहून जायला नको. ४ मिनिटे १०.१२८ सेकंदांत कांस्यपदक पटकावले ते भारताने! आर्यनपाल सिंग घुमान, आनंदकुमार वेलकुमार यांच्या जोडीला संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही आपली मराठी मंडळी होती. त्याच दिवशी भारताच्या मुलींनीही रिलेत कांस्यपदक मिळवले.

आणि हुआंग? त्याच महिन्यात मायदेशातल्या स्पर्धेत त्यानेही रेषेआधीच आनंद साजरा केला आणि ०.०३ सेकंदाने सुवर्णपदक गमावले! दुसऱ्याची ठेच पाहून शहाणे होणे इतके सोपे नाही, वाचकहो.

आमचे काका मात्र शहाणे झाले. डब्यात बसल्याशिवाय ते चहा मागवीत नाहीत. मुलगी पाहायला ते दुसऱ्या दिवशी पोचले होते; ही गोष्ट काकू अजून विसरलेली नाही.