मुस्लीम विद्यार्थी आणि आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन

आपल्या निवासी शाळेत काही मुस्लीम मुलेही शिकतात. दसरा जवळ आला, पांढरे कपडे व पंचशील ध्वज बाहेर निघाले, की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "सर, ही तुमची ईद आहे का?" पूर्वी आम्ही 'होय' म्हणून मोकळे होत असू. ते उत्तर चुकीचे होते. ईद-उल-फित्र महिनाभराच्या रोजांनंतर येते. आपला दिन व्रतसमाप्तीचा नव्हे, कोणाच्या जन्माचाही नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भदन्त चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो अनुयायांना दिली, त्या घटनेची ही स्मृती आहे.

'धर्मांतर' हा शब्द मुलांना परका वाटतो. तेव्हा आम्ही त्यांच्याच घरातील कॅलेंडरकडे वळतो. हिजरी सन पैगंबरांच्या जन्मापासून मोजत नाहीत; इ. स. ६२२ मध्ये छळामुळे त्यांनी मक्का सोडून मदिनेस केलेल्या स्थलांतरापासून मोजतात. एवढे सांगितले की सोडून जाण्याचाही उत्सव का असतो, हे मुलांना उमगते. सोडण्याची घोषणा १९३५ साली येवल्यात झाली, पोहोचणे एकवीस वर्षांनी नागपुरात. साम्य इथेच संपते, हेही सांगावे लागते : हिजरतीत गाव सुटले, श्रद्धा तीच राहिली, दीक्षेत गाव तेच राहिले, धर्म सुटला.

तारखेचा घोळ मात्र त्यांना आपल्या मुलांहून लवकर कळतो. १९५६ साली १४ ऑक्टोबर व विजयादशमी एकाच दिवशी आल्या. आज कोणी तारीख पाळतो, कोणी तिथी. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकताना पाहणाऱ्या मुलास यात नवल ते काय?

कठीण प्रश्न वंदनेचा. एका वर्षी सातवीतील एक मुलगा चपला हातात घेऊन सभागृहाच्या दाराशीच उभा राहिला. मूर्तीपुढे हात जोडावे लागतील का, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. चूक आमची होती. शासनमान्य वा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलास पालकाच्या संमतीवाचून उपासनेस बसण्याची सक्ती करता येत नाही, हे संविधानाचे अनुच्छेद २८ (३) आम्हीच वर्गात शिकवत होतो! तेव्हापासून पालकांना आधी विचारतो. वंदनेच्या वेळी ज्याला हवे त्याने वाचनालयात बसावे. भाषणे व भोजन सर्वांचे एकत्र.

पुढच्या वर्षी तोच मुलगा भाषणास उभा राहिला. विषय त्यानेच निवडला होता : डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेस जागा मिळेना, तेव्हा आपली जमीन देणारे फत्तेखान.